एका पेशाचे वजन

अरबी शिकायला लागून दीड वर्ष झाले होते, तेव्हाची गोष्ट. मौलानांनी रेहलवर कुरआन उघडले, चौथ्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, १६४ वी आयत, म्हणजे वचन, काढली आणि पेन्सिलीचे बोथट टोक पानाला न टेकवता ‘अल्लाह’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर असे धरले की तिथली खूण झाकली जावी. मग त्यांनी विचारले, “आता सांगा, कोण कोणाशी बोलले?”

समोरचे शब्द तीनच होते आणि तिन्ही मला ओळखीचे होते. ‘कल्लम’ म्हणजे बोलला, मग ‘अल्लाह’, मग ‘मूसा’, म्हणजे पैगंबर मोझेस. मी सांगितले की अल्लाह मूसाशी बोलला, कारण अरबी वाक्यात आधी क्रियापद, मग कर्ता आणि मग कर्म येते, असे तुम्हीच शिकवले आहे. मौलाना म्हणाले, “तो रिवाज आहे, पुरावा नाही. कर्म कर्त्याच्या आधी आलेली वाक्ये अरबीत हवी तेवढी आहेत.” मग मी ‘मूसा’ या शब्दाच्या शेवटाकडे पाहिले, पण तिथे काहीच हाती लागेना. ज्या नामाचा शेवट दीर्घ ‘आ’ने होतो, त्याला विभक्तीची खूण उमटवायला जागाच राहत नाही. कर्ता असला तरी ‘मूसा’, कर्म असला तरी ‘मूसा’. तेव्हा त्यांनी पेन्सिल बाजूला घेतली. ‘ह’वर एक छोटासा पेश होता, स्वल्पविरामाएवढा. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, याचा सगळा निवाडा त्या एका खुणेवर उभा होता.

मराठी माणसाला हे पटकन उमगत नाही, कारण आपले ‘ने’, ‘ला’, ‘शी’ हे प्रत्यय शब्दाला ठसठशीतपणे चिकटलेले असतात. अभिजात अरबीत हेच काम शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर करतो. आपल्याकडच्या मक्तबांत मुलांना शिकवली जाणारी नावे वापरायची तर पेश म्हणजे ‘उ’, जबर म्हणजे ‘अ’ आणि जेर म्हणजे ‘इ’. पेश बहुधा कर्त्याचा, जबर कर्माचा आणि जेर षष्ठीचा किंवा शब्दयोगी अव्ययानंतरचा. या अंत्यस्वरांच्या व्यवस्थेला ‘एराब’ म्हणतात, आणि तिचे शास्त्र म्हणजे ‘नह्व’. रोजच्या अरबी लेखनात हे ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते अर्थावरून ओळखायचे असतात. कुरआनच्या प्रतीत मात्र ते झाडून सगळे लिहिलेले असतात, आणि ते का लिहावे लागले, याची कथा परंपरेने जपून ठेवली आहे.

ती कथा बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्दुअलीची आहे, ज्याचा मृत्यू इ. स. ६८८ च्या सुमारास झाला. त्याने कोणाला तरी नवव्या सूरेतली तिसरी आयत चुकीची वाचताना ऐकले, असे सांगतात. ‘अल्लाह मूर्तिपूजकांच्या जबाबदारीतून मोकळा आहे, आणि त्याचा रसूलही’, असा त्या वाक्याचा अर्थ आहे; रसूल म्हणजे प्रेषित. मूळ शब्द आहे ‘रसूलुहू’. वाचणाऱ्याने पेशाऐवजी जेर लावून ‘रसूलिही’ म्हटले, आणि अर्थ झाला की अल्लाह मूर्तिपूजकांपासून आणि आपल्या रसूलापासूनही मोकळा आहे. अबुल अस्वदने मग एक लेखक बसवून घेतला आणि त्याला वेगळ्या रंगाची शाई दिली. अक्षर उच्चारताना माझे तोंड उघडलेले दिसले तर अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ आवळलेले दिसले तर शेजारी दे आणि जबडा खाली गेला तर खाली दे, असे त्याने सांगितले. आजच्या जबर, जेर, पेशाच्या आकृत्या नंतरच्या, आठव्या शतकातल्या खलील इब्न अहमदच्या नावावर सांगितल्या जातात. ही कथा घडली तशीच घडली का, हा इतिहासकारांचा विषय आहे. पण व्याकरण का जन्माला आले, याचे जे उत्तर एखादा समाज स्वतःला देतो, त्यातून त्या शास्त्राकडून त्याची काय अपेक्षा होती ते कळते.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे पतंजलीचे महाभाष्य आठवल्यावाचून राहणार नाही. व्याकरण का शिकावे, याची प्रयोजने सांगताना पतंजली ‘इन्द्रशत्रुः’ या शब्दाचे उदाहरण देतो. इंद्राला मारणारा, असा अर्थ हवा होता. स्वर चुकीच्या जागी पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि ज्याला मारणारा इंद्र आहे तो, असा अर्थ होऊन शब्द यजमानावरच उलटला. दोन भाषा, दोन धर्म, आणि दोन्हीकडे व्याकरणाच्या दारात अशी स्वर चुकल्याची कथा उभी आहे. मी अरबीकडे वळलो, त्यात या साम्याचा वाटा मोठा आहे.

आता पुन्हा मूसाकडे येतो. आठव्या ते दहाव्या शतकांत बसरा आणि बगदाद इथे मुअतझिला नावाचा विचारपंथ जोरात होता. अल्लाहच्या एकत्वाबद्दल त्यांची भूमिका कडक होती. अल्लाहचे बोलणे हा त्याचा अनादी गुण मानला तर त्याच्या बरोबरीने आणखी एक अनादी वस्तू मानावी लागते, म्हणून त्याची वाणी ही त्याने निर्माण केलेली आहे, असे ते म्हणत. अशा माणसाला ‘अल्लाह मूसाशी बोलला’ हे वाक्य अडचणीचे वाटणे साहजिक आहे. त्यांच्यापैकी एकजण बसऱ्याच्या अबू अम्र इब्न अल्‌अलाकडे गेला, अशी गोष्ट सांगतात. अबू अम्र हा कुरआनच्या सात मान्यवर पाठकांपैकी एक आणि व्याकरणाचाही मोठा जाणकार, मृत्यू इ. स. ७७० च्या सुमाराचा. पाहुण्याने विनंती केली की या आयतीत ‘अल्लाह’ शब्द पेशाऐवजी जबर लावून वाचावा, म्हणजे मूसा अल्लाहशी बोलला असा अर्थ होईल. अबू अम्र म्हणाला, समजा मी इथे तसे वाचले, तर सातव्या सूरेतल्या ‘व कल्लमहू रब्बुहू’ याचे काय करशील? तिथे ‘हू’ हे सर्वनाम क्रियापदालाच कर्म म्हणून जोडलेले आहे आणि ‘रब्ब’ हा कर्ता आहे. त्याचा प्रभू त्याच्याशी बोलला, यावाचून दुसरा अर्थ निघतच नाही. पाहुणा निरुत्तर झाला.

मला या गोष्टीत विजयापेक्षा तिची रीत महत्त्वाची वाटते. अबू अम्रने त्याला पाखंडी म्हणून हाकलून दिले नाही. एका जागी तुझी सोय होत असेलही, पण भाषा दुसऱ्या जागीही तीच आहे, आणि तिथे ती तुला सोडणार नाही, एवढेच त्याने दाखवले.

त्याच आयतीच्या शेवटी ‘तक्लीमा’ असा आणखी एक शब्द आहे. क्रियापदाच्याच धातूपासून झालेले भाववाचक नाम मागे जोडून क्रियेवर जोर देण्याची ही अरबी पद्धत आहे. आपण ‘मार मार मारले’ म्हणतो, त्याच्या जवळपासची. सुन्नी पक्षाने याचाही पुरावा केला. क्रियापदाला अशी पुष्टी जोडली की ते लाक्षणिक अर्थाने घेता येत नाही, हा व्याकरणकारांचा नियम आहे, म्हणून मूसाशी बोलणे हे खरोखरचे बोलणे होते, असे त्यांचे म्हणणे. याच आयतीचा आणखी एक अर्थ कोणी तरी काढला होता. ‘कल्म’ म्हणजे जखम, म्हणून अल्लाहने मूसाला संकटांच्या नखांनी घायाळ केले, असा. हा अर्थ नोंदवून त्याला मनगढंत अर्थांच्या यादीत टाकणारा भाष्यकार झमख्शरी (१०७५–११४४) हा स्वतः मुअतझिली होता. वाणी निर्मित आहे या मताला तो अर्थ सोयीचा होता, तरी झमख्शरीला तो भाषेच्या अंगाने सहन झाला नाही. व्याकरणाशी असे इमान राखणारा माणूस माझ्यासाठी मोठा आहे, मग त्याचे सिद्धांत पटोत वा न पटोत.

वाणी निर्मित की अनादी, हा वाद चर्चेपुरता राहिला नाही. इ. स. ८३३ मध्ये खलीफा मामूनने काझी आणि विद्वानांची या प्रश्नावर चौकशी सुरू केली. कुरआन निर्मित आहे असे म्हणायला नकार देणाऱ्या अहमद इब्न हंबलला तुरुंगवास आणि पुढे खलीफा मुअतसिमच्या काळात फटके सोसावे लागले. मुतवक्किलच्या काळात हे प्रकरण थांबले. या झगड्यात सारखे पुढे येणारे वाक्य त्रेचाळिसाव्या सूरेतले होते, ‘इन्ना जअल्‌नाहु कुरआनन् अरबीयन्’, म्हणजे आम्ही त्याला अरबी कुरआन केले. ‘केले’ म्हणजेच निर्माण केले, असे मुअतझिला म्हणत. विरोधकांचे उत्तर शुद्ध व्याकरणाचे होते. ‘जअल’ला एक कर्म असेल तर अर्थ निर्माण करणे, दोन कर्मे असतील तर एखाद्या गोष्टीला काही तरी ठरवणे किंवा बनवणे. मराठीतही हे अगदी असेच आहे. कुंभाराने मडके केले म्हटले तर मडके आधी नव्हते. गावाने त्याला सरपंच केले म्हटले तर गावाने त्याला जन्माला घातले असे कोणी समजत नाही. सहाव्या सूरेच्या आरंभी अल्लाहने अंधार आणि उजेड केले असे आहे, तिथे कर्म एकेरी आहे आणि अर्थ निर्मितीचा आहे. सोळाव्या सूरेत मात्र ‘तुम्ही अल्लाहला आपला जामीन केले आहे’ असे वाक्य येते. तिथेही ‘केले’चा अर्थ निर्माण केले असा घ्यायचा का, असा प्रश्न विरोधकांनी टाकला, आणि तो बिनतोड होता.

तरीही मला प्रामाणिकपणे असे वाटते की या उत्तराने वाद मिटत नाही. काही तरी बनवले जाणे हाही एक बदलच आहे, आणि ज्यात बदल होतो ते अनादी कसे, हा प्रतिप्रश्न उरतो. पण तो प्रश्न ‘जअल’ शब्दाचा राहत नाही, तो तत्त्वज्ञानाचा होतो. या वाक्यापुरता मुअतझिलांचा आधार व्याकरणाने काढून घेतला, त्यापुढे ते गेले नाही. या दोन शास्त्रांच्या नात्याबद्दल मला जे कळले ते इथेच कळले. वाक्य काय म्हणू शकते आणि काय म्हणू शकत नाही, याची हद्द व्याकरण आखते. त्या हद्दीत जे अर्थ शिल्लक राहतात, त्यांतून एक निवडताना माणूस आपली श्रद्धा आणि आपला तर्क बरोबर घेऊन येतो.

कधी कधी मात्र श्रद्धा हद्द आखण्याच्या कामातही हात घालते. चौपन्नाव्या सूरेतली ४९ वी आयत पाहा. ‘इन्ना कुल्ल शैइन् खलक्नाहु बिकदर’. इथे ‘कुल्ल’ला जबर आहे, म्हणून अर्थ असा की प्रत्येक वस्तू आम्ही मापाने निर्माण केली. एका विरळ पाठात तिथे पेश येतो. पेश घेतला की ‘आम्ही निर्माण केलेली’ हे ‘वस्तू’चे विशेषण म्हणूनही वाचता येते, आणि मग वाक्य होते, जी जी वस्तू आम्ही निर्माण केली, ती ती मापाने आहे. फरक बारीक वाटतो, पण पहिल्या वाक्यात अल्लाहने निर्माण न केलेली अशी एकही वस्तू उरत नाही, आणि दुसऱ्यात ती उरू शकते. माणसाची कर्मे माणूस स्वतः घडवतो, म्हणून त्यांच्याबद्दल त्याला जाब विचारणे न्याय्य ठरते, असे मुअतझिला मानत, आणि त्यांना एवढी फट पुरे होती. अश्अरी आणि इतर सुन्नी विचारवंतांना ती फट नको होती, कारण त्यांच्या मते माणसाच्या कर्मांचाही निर्माता अल्लाहच आहे.

या आयतीवर आठव्या शतकातल्या सीबवैहने काय म्हटले, ते वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. सीबवैह मूळचा इराणी, अरबी त्याची मातृभाषा नव्हे, आणि तरीही अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ त्याचाच. ग्रंथाला त्याने नाव दिले नाही, म्हणून लोक त्याला नुसते ‘अल्‌किताब’ म्हणजे ‘पुस्तक’ म्हणतात. ‘झैदला मी मारले’ अशा धर्तीच्या वाक्यात, जिथे कर्म पुढे आणून मागे क्रियापदाला पुन्हा सर्वनाम जोडलेले असते, तिथे त्याच्या मते पेश अधिक चांगला, पण जबरही अरबांच्या बोलण्यात भरपूर आढळतो. आयतीतली रचना त्या दुसऱ्या धर्तीची आहे, असे तो सांगतो. आणि तिथेच, कुरआनचे पठन ही परंपरेने आलेली रीत आहे, तिच्याविरुद्ध जाता येत नाही, असेही नोंदवतो. त्याचा नियम एकीकडे कलत होता, पाठ दुसरीकडे होता, आणि त्याने दोन्ही जसेच्या तसे ठेवले. पुढच्या शतकांतल्या व्याकरणकारांनी मात्र या आयतीसाठी खास कारण शोधले. पेश दिला तर विशेषणाचा भ्रम होऊन अर्थ बिघडेल, म्हणून इथे जबरच अधिक योग्य, असे त्यांच्या पुस्तकांत आढळते. ‘अर्थ बिघडेल’ या शब्दांत एक पूर्ण धर्मसिद्धांत दडलेला आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही तर तो याला व्याकरणाचाच नियम समजून पाठ करतो.

याच वादातले आणखी एक वाक्य सदतिसाव्या सूरेत आहे. इब्राहीम मूर्तिपूजकांना म्हणतो की अल्लाहने तुम्हाला निर्माण केले ‘व मा तअमलून’. या ‘मा’चा अर्थ ‘जे’ असा घेतला तर तुम्ही जे घडवता ते, म्हणजे त्या मूर्ती. ‘मा’ने पुढच्या क्रियापदाचे भाववाचक नाम होते असे मानले, तर तुमचे करणे, म्हणजे तुमची कर्मेच. मला स्वतःला पहिला अर्थ सरळ वाटतो, कारण आदल्याच आयतीत स्वतः कोरलेल्या वस्तूंची पूजा करता का, असा प्रश्न आहे. पण दुसरा अर्थ घेणारे व्याकरणात चुकतात, असे म्हणता येत नाही.

झमख्शरीची बाजू एका ठिकाणी मात्र लंगडी पडली, आणि तेही सांगायला हवे. मूसा अल्लाहला म्हणतो, मला तुझे दर्शन दे. उत्तर येते, ‘लन तरानी’, तू मला पाहणार नाहीस. परलोकातही अल्लाहचे दर्शन होणे शक्य नाही, हे मुअतझिलांचे मत, कारण जे दिसते ते कुठल्या तरी दिशेला असावे लागते. झमख्शरीच्या नावावर असे मत सांगितले जाते की ‘लन’ने केलेला भविष्यकाळाचा नकार कायमचा असतो. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न मालिकने या मताचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, तोही पद्यात, कारण व्याकरण पद्यात बांधणे हा त्याचा हातखंडा होता. पुरावे कुरआनातलेच आहेत. एकोणिसाव्या सूरेत मरियम म्हणते, आज मी कोणाही माणसाशी ‘लन’ बोलणार. नकार कायमचा असता तर ‘आज’ कशाला? दुसऱ्या सूरेत ‘लन’च्या बरोबर ‘कधीही’ हा शब्द वेगळा जोडलेला आहे. ‘कधीही’ जर ‘लन’मध्येच असता, तर तो पुन्हा सांगावा का लागला? इतर ग्रंथांत इतके काटेकोर राहणारा झमख्शरी इथे एका अव्ययाकडून त्याला न पेलणारे काम करून घेऊ पाहत होता, असे माझे मत आहे.

या सगळ्याच्या पलीकडे, खुद्द व्याकरणाच्या रचनेवरच धर्माच्या नावाने आक्षेप घेणारा एक माणूस होऊन गेला. स्पेनमधल्या कुर्तुब्याचा (कॉर्डोबाचा) इब्न मदा, तिथल्या मुवह्हिद (अल्मोहाद) राजवटीतला प्रमुख काझी, मृत्यू ११९६. अरबी व्याकरणाचा सारा डोलारा ‘आमिल’ या कल्पनेवर उभा आहे. वाक्यातला एक शब्द दुसऱ्या शब्दावर परिणाम करतो आणि त्याला पेश, जबर वा जेर द्यायला लावतो, तो आमिल. आमिल वाक्यात दिसत नसेल तर व्याकरणकार तो अध्याहृत धरतात, जसा वर ‘कुल्ल’च्या आधी एक न लिहिलेला ‘निर्माण केले’ धरावा लागतो. इब्न मदाचे म्हणणे असे की शब्द काही करू शकत नाहीत. स्वर बोलणारा माणूस लावतो, आणि खऱ्या अर्थाने तर प्रत्येक क्रियेचा कर्ता अल्लाह आहे. शिवाय कुरआनच्या वाक्यात पुराव्यावाचून न लिहिलेला शब्द मनाने घालणे म्हणजे अल्लाहच्या वाणीत भर घालणे होय, आणि ते पाप आहे. त्याचे पुस्तक शतकानुशतके बाजूला पडले होते. १९४७ मध्ये कैरोत शौकी दैफने ते संपादून छापले, तेव्हा अरबी शिकवणे सोपे करू पाहणाऱ्यांनी ते उचलून धरले. आमिल काढून टाकला तर विद्यार्थ्याला एराब समजावायचा कसा, याचे समाधानकारक उत्तर मला त्यात मिळाले नाही. पण ‘हा शब्द त्या शब्दाला जबर देतो’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा शब्दाला कर्तेपण बहाल करत असतो, याची जाणीव त्याने करून दिली ती माझ्या मनातून गेलेली नाही.

महाराष्ट्रातल्या मदरशांतही जिथे दर्स-ए-निझामी हा पारंपरिक अभ्यासक्रम चालतो, तिथे मुले नह्वमीर, हिदायतुन्नह्व अशा पायऱ्या चढत इब्न हाजिबच्या ‘काफिया’पर्यंत येतात. तेराव्या शतकातल्या त्या छोट्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य शब्दाची व्याख्या करते: एका सुट्या अर्थासाठी ज्याची स्थापना झाली आहे असा उच्चार. ‘वुदिअ’, स्थापना झाली. कोणी केली? प्रयोग कर्मणी आहे, कर्ता सांगितलेला नाही. अल्लाहने आदमला सगळी नावे शिकवली, या आयतीच्या आधारे भाषा ईश्वराने दिली असे एक पक्ष म्हणत होता, आणि माणसांनी आपसांत ठरवून ती घडवली असे दुसरा. दोन्ही पक्षांच्या मुलांना तेच वाक्य पाठ करता येते. मौलानांना मी हे दाखवले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, “तीस वर्षे शिकवतो आहे. या क्रियापदाचा कर्ता मला आजवर कोणी विचारला नव्हता.”

झमख्शरीने आपले भाष्य ‘अल्‌कश्शाफ’ ११३४ मध्ये मक्केत पुरे केले. मुअतझिला पंथ पुढे सुन्नी जगातून जवळजवळ नाहीसा झाला, पण हे भाष्य टाकून देणे कोणालाच जमले नाही, कारण कुरआनच्या भाषेची इतकी सूक्ष्म उकल दुसरीकडे मिळत नव्हती. आपल्याकडच्या मदरशांत शिकवले जाणारे बैदावीचे सुन्नी भाष्यही मोठ्या प्रमाणात त्याच्यावरच उभे आहे. तेराव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या इब्न मुनय्यिरने त्यातली मुअतझिली मते एकेक वेचून त्यांचे खंडन लिहिले. मौलानांच्या कपाटात ‘कश्शाफ’ची जी जुनी छापील प्रत आहे, तिच्यात वर झमख्शरी आहे आणि खाली, एका रेघेच्या आड, इब्न मुनय्यिर. ‘लन तरानी’चे पान त्यांनी मला उघडून दिले आणि सांगितले की आधी वरचे पूर्ण वाचा, खालचे नंतर.